गोणी उचलील त्याला सहाशे

ती. दादाभाऊंना मोहिनीचा नमस्कार. गुडघा बरा असेल. नसला, तर डॉक्टरांचे तेल बाजूला ठेवून तुम्ही वहिनींचे लावत असणार. मंचरात सगळे ठीक. फोनवर तुम्ही नुसते 'हां हां' करता, म्हणून लिहिते.

आमच्या वेफर्सच्या कारखान्याला पुण्याच्या मुख्य ऑफिसातून हुकूम आला, की स्त्री-पुरुष समानतेची समिती नेमा. साहेबांनी लगेच नेमली : चार पुरुष आणि मी. (पहिल्या बैठकीत चहा कोण सांगणार, म्हणून चौघांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. बैठक चहाविना झाली.) मी विचारले, बटाटे निवडणाऱ्या बाईला रोज चारशे आणि गड्याला सहाशे, हे कसे? सुपरवायझर सुनील म्हणाला, "मॅडम, गडी गोणी उचलतो." म्हटले, ठीक. सोमवारी बाया उचलतील, गडी निवडतील.

निवडणाऱ्या बायांतल्या साळुबाईने पदर खोचला. आठ बायांनी दोघी-दोघी लागून दुपारपर्यंत ट्रक रिकामा केला. गडी उकिडवे बसून तासाभरात कण्हायला लागले. हिरवे, सडके, चांगले, सगळे बटाटे एकाच ढिगात. सोमाजी पायाला मुंग्या आल्या म्हणून ढिगावरच आडवा झाला. "बाई, आमची गोणी आमाला द्या," म्हणाला. साळुबाई त्याला म्हणते, "अवो भाऊ, बसून तर करायचंय, त्यात काय लागतंय?" (हे वाक्य तिने स्वतः बावीस वर्षे ऐकले आहे.) संध्याकाळी साहेबांनी सही केली : सरसकट सहाशे. मी समितीला बजावले, घामाला बाई-पुरुष नसतो.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
मोहिनी

ता. क. : पुढच्या गुरुवारी आपल्या शेतात बटाटा काढणी आहे. तिथे आपण (म्हणजे मी) बायांना साडेतीनशे आणि गड्यांना सहाशे देतो. साळुबाईची सून आपल्याकडेच येते. तिने बातमी बांधापर्यंत पोचवली. आता बाया सहाशे मागतात. जमीन दादाभाऊंच्या नावावर, त्यांना विचारून सांगते, असे मी म्हटले आहे. तरी 'यंदा जमणार नाही' एवढे तुमच्या अक्षरात लिहून पाठवावे. मी बोलणे बरे दिसत नाही.

पुन्हा ता. क. : नकार पाठवू नका. मी पाकिटाला डिंक आणायला आत गेले, तेवढ्यात साळुबाई सुनेसाठी उत्तर विचारायला आली आणि टेबलावरचे हे पत्र वाचून बसली. "बाई, गोणी उचलाया येती, मग वाचाया येनार न्हाई व्हय?" म्हणाली. गुरुवारपासून सहाशे. वाढीव पैसे निम्मे तुमचे, निम्मे माझे. पटत नसेल तर मला कळवू नका; तुमचा चिंचवडचा पत्ता तिला दिला आहे.