दगडाच्या लाइनवरची सायकलवाट

आबा,

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच वर्षी कंपनीची माणसं आली आणि लाइनवरचे रूळ गॅसने कापून ट्रकमधून घेऊन गेली. आई पडवीत बसून तो आवाज ऐकत होती. खाणीपासून खाडीवरच्या बंदरापर्यंत दगडाच्या ट्रॉल्या ओढणारं ते लहानसं इंजिन आधीच भंगारात गेलं होतं. मागे राहिला तो नुसता भराव, माणसाच्या कमरेएवढा उंच, भाताच्या खाचरांमधून आणि खाडीकाठच्या खाऱ्या खाजणातून सरळ गेलेला. त्यावर बाभळी माजल्या. आजोबांनी कंपनीला भाड्याने दिलेली आपल्या शेतातली भरावाखालची पट्टी कागदोपत्री परत आपली झाली, पण तिचं करायचं काय हे कुणालाच सुचलं नाही. तुम्ही मुकादम होतात त्या काळात रोज सकाळी हातोडा घेऊन रुळाच्या कडेने चालायचात, मध्येच थांबून ठोका द्यायचात आणि मान वाकडी करून आवाजावरून रूळ शाबूत आहे का ते ऐकायचात. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर असतंच. आज मात्र मला तुम्हाला लाइनचं पुढे काय झालं ते सांगायचं आहे, आणि त्यात मी काय केलं तेही.

ओढ्यावरची मोरी तुम्हाला आठवत असेल. दोन लोखंडी गर्डर, त्यावर स्लीपर, खाली भरतीचं पाणी. मी सातवीत असताना तुमचा डबा घेऊन आले आणि लांबचा वळसा नको म्हणून त्या मोरीवरून स्लीपर मोजत चालत आले. पलीकडे तुमची सगळी गँग उभी होती. तुम्ही डबा आधी माझ्या हातातून काढून नाना गँगमनकडे दिलात आणि मग माझ्या थोबाडीत मारलीत. "पुन्यांदा पाय ठेवलास तं शाला बंद," एवढंच बोललात. मी रडले नाही, पण त्या दिवशी जेवलेही नाही. आठवीला मला भिवंडीच्या शाळेत घातलंत तेव्हा कुणाची तरी जुनी जेन्ट्स सायकल आणलीत, सीट अगदी खाली ठोकून दिलीत आणि म्हणालात, रस्त्यानं जायचं, मोरीवरनं न्हाय. तेव्हा रस्ता रिकामा असायचा. एखादी एसटी, दोन बैलगाड्या. रस्त्यावर मुलगी सुरक्षित राहील असं तुम्हाला वाटलं आणि ते खरंही होतं.

मी आपल्याच गावाच्या हायस्कूलला शिक्षिका झाले. मला तिथे वीसेक वर्षं होत आली तोवर मानकोलीपासून आपल्या शिवेपर्यंत भाताच्या जागी पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली होती. सकाळी कंटेनरची रांग पार कशेळीच्या पुलापर्यंत लागायची. खाडीकडच्या पाड्यांवरच्या मुली सायकलवरून त्याच रस्त्याने शाळेत यायच्या, एका बाजूला चाकं, एका बाजूला गटार. एका सोमवारी प्रार्थना चालू असताना बाहेर आरडाओरडा झाला. आठवीतली माझ्या वर्गातली मुलगी. कंटेनर मागे घेताना ड्रायव्हरला ती दिसलीच नाही. मी पोचले तेव्हा टेम्पो घेऊन तिथूनच जाणाऱ्या आपल्या दादाने तिला आत घेतलं होतं, तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली. दादाचा शर्ट वहिनीने धुतला नाही, पुरून टाकला. पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गातली मुलींची बाकं अर्धी रिकामी. घरी गेले तर आया दारातच सांगायच्या, "मॅडम, शिकून काय करायचंय, जिती ऱ्हावदे."

लाइन मला आठवली ती हजेरी घेताना. पाड्यांपासून शाळेच्या मागच्या कुंपणापर्यंत ती सरळ जात होती आणि तिच्यावर एकही गाडी चढू शकत नव्हती. मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणाले अर्ज करा. अर्ज केले. मग एका रविवारी मी कोयता घेऊन नाना गँगमनच्या घरी गेले. ते सत्तरीच्या पुढे होते. त्यांनी काहीच विचारलं नाही, पायात चपला घातल्या. तुमच्या गँगमधले चार जण उरले होते, चारही आले. मग पाड्यांवरच्या बाया आल्या. तीन महिने रविवार म्हणजे बाभळी तोडणं, कुजलेले स्लीपर उपटणं, घमेल्यांनी मुरूम टाकणं. तुमच्या वेळची खडी मोठी, तिच्यावर सायकल नुसती उडायची, म्हणून वर खाणीतली बारीक कच टाकून पाणी मारलं आणि ग्रामपंचायतीचा रोलर हातांनी ओढला. काट्यांनी सगळ्यांचे हात फाटले होते. सोमवारी फळ्यावर लिहिताना माझ्या बोटांतून रक्त यायचं आणि पोरी खाली मान घालून हसायच्या, कारण त्यांच्याही बोटांतून यायचं.

राहिली ती मोरी. गर्डर शाबूत होते, वर काही नव्हतं. भिवंडीचे यंत्रमाग दुरुस्त करणारे एक सुतार होते, त्यांची मुलगी नववीत. ते बंद पडलेल्या कारखान्यातल्या जाड फळ्या हातगाडीवर घालून घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, लकडी पुरानी है, पर सागवान है. बच्चियों का रास्ता है, पैसे की बात मत करना." दोन दिवस त्यांनी आणि नानांनी फळ्या बोल्टने आवळल्या, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा लावला. तिसऱ्या दिवशी नाना हातोडा घेऊन वाकले आणि तुमच्यासारखी मान वाकडी करून एकेक फळी ठोकत पलीकडे गेले. परत येऊन म्हणाले, "मधली जरा बद बोलते. पयलं मी जातू." मी म्हटलं, नाही, मुलींना या वाटेवर मी बोलावलंय, पहिली मीच जाणार. भरती पूर्ण होती, पाणी फळ्यांच्या हातभर खाली. मी सायकलवर बसले. आबा, मी चाळिशी ओलांडलेली बाई, साडीचा पदर खोचलेला, दोन्ही काठांवर सगळा पाडा उभा. मधल्या फळीवर पुढचं चाक चढलं आणि ती कुरकुरून खाली गेली, बोटभर असेल. थांबले असते तर तोल गेला असता. मी पेडल मारत राहिले. पलीकडे उतरल्यावर मी सायकल कठड्याला टेकवली. सुतारांनी लगेच ती फळी काढली आणि दुसरी घातली. पुढच्या सोमवारी एकवीस मुली त्या वाटेने शाळेत आल्या. मी सगळ्यांत मागे होते. कुणाच्या तरी चेनमधून तेल नसल्याचा आवाज येत होता आणि मला तो किती बरा वाटत होता.

महिनाभरात दादा माझ्या घरी आला. हातात हक्कसोडीचा कागद. बाकीच्या शेतांवरचा हक्क मी लग्नानंतर सोडला होता, हसत सही केली होती. लाइनची पट्टी तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आता आपल्या मागच्या शेतात गोडाऊन व्हायचं होतं आणि ट्रेलर आत यायला ही पट्टी कापून रस्ता काढण्यावाचून इलाज नव्हता. "बाय, वकील बोलला सगल्यांच्या सह्या पायजेत. आईची झाली. तुजीच ऱ्हायलीय." मी म्हटलं, दादा, वाट तुटेल. तो म्हणाला, "वाट दुसरीकडनं काढ. माजी पोरं काय खाजणात मासं धरतील?" पहिल्यांदा तो चहा घेऊन गेला. दुसऱ्यांदा चहा घेतला नाही. दारात चप्पल घालताना म्हणाला, "यंदा भाऊबीजेला मी वाट बघनार न्हाय." गावात बातमी पसरलीच. पाड्यावरच्या बाया मला थांबवून सांगायच्या, मॅडम, तुम्ही हटू नका. मी म्हणायचे, नाही हटणार. माझा आवाज मलाच ठणठणीत वाटायचा.

तिसऱ्यांदा तो आईला घेऊन आला. संध्याकाळची वेळ, मी स्वयंपाकाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. आई स्वयंपाकघरात येऊन खाली बसली, दादा दाराशी उभा राहिला. आईने गुडघ्यावरून लुगडं सारखं केलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "मना मरताना तुमी दोघंपन पायजेत." बस, एवढंच. तिने मला सही कर म्हटलं नाही. दादानेही म्हटलं नाही. त्याच्याकडे पाहिलं तर त्याचेही डोळे भरलेले. मी हात पदराला पुसले, ताट बाजूला सारलं आणि ओट्यावरच कागद ठेवून सही केली. दोन्ही ठिकाणी. दादाने कागदाची घडी करून खिशात ठेवली. "उद्या मशीन येल," म्हणाला. आई उठताना माझ्या खांद्याला धरून उठली.

मुलींना मी कळवू शकले असते. पाड्यावर जायला दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी सहामाहीचा गणिताचा पेपर होता आणि मी स्वतःला सांगितलं की पेपरच्या आदल्या दिवशी त्यांना कशाला त्रास. सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. जेसीबी मोरीच्या पाड्यांकडच्या बाजूला भरावाला तोंड लावून उभा होता, इंजिन चालू. दादा, गोडाऊनवाल्याचा माणूस आणि मशीनवाला. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. तेवढ्यात समोरून मुली आल्या, एकामागे एक, पेपरचं पॅड कॅरियरवर राहत नाही म्हणून पाठीला बांधलेलं. मशीन बघून पुढची थांबली, मग सगळ्या उतरल्या. मशीनने सोंड उचलली आणि मला वाटलं आता पहिला घास घेतंय. सुतारांची मुलगी सायकल हातात धरून दादासमोर आली. "काका, साडेसातला पेपर हाय. मशीन जरा मागं घ्या ना, आम्ही जातो मग तुम्ही करा."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या टेम्पोतली ती आठवीतली मुलगी याच गणवेशात होती. मशीनवाला इंजिन रेटत होता. गोडाऊनवाल्याचा माणूस म्हणाला, "शेठ, टाइम जातोय." दादाने हात वर केला. मशीन मागे सरकलं. मुली मोरीवरून गेल्या, फळ्या एकेक करून वाजल्या. शेवटची पलीकडे पोचल्यावर दादा त्या माणसाकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "मशीन घेऊन जा. बहिनीची सही न्हाय मिलाली. तिची सही न्हाय तं मी काय करू?" त्याचा हात शर्टाच्या खिशावर होता. कागद आतच होता, मला त्याची कड दिसत होती. मी हँडल धरून चार पावलांवर उभी होते आणि काहीच बोलले नाही.

व्यवहार मोडला. दादाचं घर बांधायचं राहिलं. सासुरवाडीत त्याला लोक विचारायचे की एका बहिणीपुढे तुझं चाललं नाही का. तो हसायचा. गावात मी भावाला न घाबरलेली बाई झाले आणि दादा लाइन तोडायला निघालेला माणूस. त्या दिवाळीला त्याने मला भाऊबीजेला बोलावलं, साडी दिली, करंज्यांना गोडी कमी पडलीय म्हणाला. कागदाबद्दल ना त्याने विषय काढला, ना मी. आई गेली तेव्हा आम्ही दोघंही तिच्या उशाशी होतो. वाट अजून आहे. मोरीवर आता पंचायतीने सिमेंटची स्लॅब टाकली आहे. त्या एकवीसपैकी एक सिव्हिल हॉस्पिटलला नर्स आहे. नाना शेवटपर्यंत दर रविवारी तिथे फेरी मारायचे.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल-श्रीफळ दिलं. पाहुणे म्हणाले, बाईंनी सख्ख्या भावाशी वैर पत्करलं पण मुलींची वाट सोडली नाही. टाळ्या झाल्या. दादा शेवटच्या रांगेत बसला होता, गुडघे दुखतात म्हणून पाय पुढे पसरून. तोही टाळ्या वाजवत होता. माझ्या हातात माइक होता, आबा. मी सगळ्यांचे आभार मानले, तुमचं नाव घेतलं, नानांचं घेतलं, सुतारांचं घेतलं आणि खाली बसले.

दादा दोन आळ्या सोडून राहतो. त्याला आता कमी दिसतं, कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. त्यामुळे पत्र पाठवून उपयोग नाही, जाऊन बोलावं लागेल, आणि ते मला अजून जमलेलं नाही. खरं सांगायचं तर आज सकाळी मी हे पत्र त्यालाच लिहायला बसले होते. वर 'दादा' लिहिलं, थोडा वेळ बसले, मग ते खोडून तुमचं नाव लिहिलं.