लाँड्रीने ब्लॉग का लिहावा

४ फेब्रुवारी

आजपासून दुकानाचा कायापालट. मेहुण्याने पाठवलेला मोफत वेबिनार पाहिला, 'लहान धंद्यांसाठी ब्लॉगिंगचे फायदे'. बोलणाऱ्याच्या कोटाची कॉलर नीट प्रेस केलेली नव्हती, पण मुद्दे बरोबर होते. फायदा पहिला, लोक आपल्याला शोधत येतात. दुसरा, विश्वास बसतो. तिसरा, गिऱ्हाइकाशी नातं जुळतं. चौथ्याच्या वेळी हिने पडदे उतरवायला हाक मारली.

समोर काचेच्या दाराची नवी लाँड्री झालीय. त्या समोरच्याने परवा आपलं दुकान विकत मागितलं. गोदाम करायचंय म्हणे. माझ्या वडिलांनी उभं केलेलं दुकान, आणि हा त्यात साबणाची पोती रचणार! माझं डोकंच फिरलं. ही म्हणाली, चिडून काय होणार, गिऱ्हाईक टिकवा. उन्हाळ्यापर्यंत रॅक भरलेला राहिला तर दुकान आपलं, नाहीतर त्याला हो म्हणावं लागेल.

मी म्हटलं, रॅकचं काय घेऊन बसलीस, मी ब्लॉग लिहितोय. ती पडदे मोजत राहिली.

५ फेब्रुवारी, सकाळी

संकल्प: रोज एक पोस्ट. आभाळ कोसळलं तरी.

९ फेब्रुवारी

पहिली पोस्ट आज टाकली. मधले दिवस ब्लॉगचं नाव ठरवण्यात गेले. बारसं घाईत उरकून चालत नाही. विषय: सुती कपडा आणि पाण्याचं तापमान. अतिशय अभ्यासपूर्ण. वाचक तीन. मी, मेहुणा, आणि मोबाइलवरून पुन्हा मी.

१२ फेब्रुवारी

'स्टार्च: समज आणि गैरसमज'. वाचक दोन. मेहुणा गळाला.

त्याला फोन करून झापलं. तर म्हणतो कसा, दाजी, स्टार्चवर कोण वाचणार, खऱ्या माणसांच्या गोष्टी लिहा की. वेबिनारवाल्यानेही हेच सांगितलं असणार, चौथ्या फायद्यात. पडद्यांपायी हुकलं.

खऱ्या गोष्टी? अरे, लाँड्रीवाल्याला गोष्टींचा काय तोटा! अख्ख्या चौकाचे खिसे माझ्या हातून जातात.

१३ फेब्रुवारी

ब्लॉगचं नवं नाव: 'डागामागची गोष्ट'. पहिली गोष्ट दातांच्या डॉक्टरांची. लहान पोरांना चॉकलेट खाऊ नका म्हणून दम देतात, आणि स्वतःच्या पांढऱ्या कोटाच्या आतल्या खिशात दर आठवड्याला वितळलेलं चॉकलेट. नाव अर्थातच दिलं नाही. नीतिमत्ता म्हणून काही आहे की नाही? फक्त 'आमच्या चौकातले दातांचे डॉक्टर' एवढंच लिहिलं. चौकात ते एकटेच आहेत, पण वाचकाला ते कुठून कळणार.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझे वडील डाग काढायचे आणि तिथल्या तिथे विसरायचे. वडिलांच्या वेळी इंटरनेट नव्हतं. विसरतील नाहीतर काय करतील बिचारे?

१४ फेब्रुवारी

वाचक एकशे दहा!! एकाने खाली विचारलं, हे आपले नेहमीचे डॉक्टर ना? मी बाणेदार उत्तर दिलं. गिऱ्हाइकाची ओळख सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही. त्यांचा दवाखाना औषधांच्या दुकानाच्या वर आहे, यापलीकडे मी एक अक्षर बोलणार नाही.

१७ फेब्रुवारी

जिमवाल्याची गोष्ट टाकली. ट्रॅकसूटवर केकचं क्रीम, नेहमी डाव्या बाहीवर, म्हणजे गडी बाहीलाच तोंड पुसतो. शिवाय कंबरेतून सैल करून द्यायला आलेल्या पँटी. लोक तुटून पडले. शेवटी एक प्रेरणादायी ओळही घातली, की डाग सगळ्यांनाच पडतात. ती कोणी वाचलेली दिसत नाही.

१९ फेब्रुवारी

मुख्याध्यापक. गुडघ्यांवर हिरवे डाग, खिशात पोरांकडून जप्त केलेल्या गोट्या. माझ्या मते आजवरचं सर्वांत हळुवार लेखन. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

हिने पोस्ट वाचली, मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, वेड लागलंय का? कलावंताला घरात हेच ऐकावं लागतं.

२० फेब्रुवारी

फायदा पहिला सिद्ध! लोक शोधत यायला लागले. एरवी कंपाउंडरला पाठवणारे डॉक्टर आज जातीने दुकानात. कोट धुऊन झाला नव्हता, तसाच घेऊन गेले. एवढी ओढ. मी ब्लॉग कसा वाटला विचारलं. ते म्हणाले, तुमचे दात दुखायला लागले की या, मग सांगतो. म्हणजे नातंही जुळलं. फायदा तिसरा.

२२ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर रीघ. सगळे न्यायलाच आले, द्यायला कोणी नाही. भिजवलेले कपडेसुद्धा पिळून मागून नेले. एका बाईने काउंटरवरच सगळे खिसे उलटे करून पाहिले आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दोन पावलं मागे सरलो.

रॅक रिकामा दिसतोय खरा. पण लाँड्रीत कपडे पडून राहणं हे दिरंगाईचं लक्षण. आपला माल झटपट बाहेर पडतोय.

२५ फेब्रुवारी

इस्त्रीवाले काका वडिलांच्या वेळेपासूनचे. आज डबा उचलून निघाले. म्हणाले, हात रिकामे राहिले की दुखतात रे, समोर काम आहे. सरळ रस्ता ओलांडून काचेच्या दारातून आत गेले.

जावोत. माणूस अडवून ठेवायचा नसतो. नंतर त्यांच्या टेबलापाशी उगाचच उभा राहिलो. टेबल गार होतं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू.

२८ फेब्रुवारी

हिने विचारलं, पोस्टी काढून टाकाल का? साफ नाही म्हटलं. लेखणी म्यान करणारा मी नव्हे. ती म्हणाली, मग समोरच्याला काय सांगू, तो उद्या विचारायला येतोय. मी म्हटलं, त्याला म्हणावं, ब्लॉग वाच.

१ मार्च

समोरचा आला नाही. वाचलाय त्याने. त्याच्या काचेवर नवी पाटी, हातभर मोठी: 'आम्ही ब्लॉग लिहीत नाही.'

हा! स्वतःच्या खर्चाने आपली जाहिरात! हिला दाखवायला बाहेर बोलावलं. पाटी वाचून ती पायरीवरच बसली. डोळे पुसत होती. मी म्हटलं, समोरून धूळ फार येते हल्ली. ती म्हणाली, धूळ नाहीये.

जेवण गेलं नाही. मला. का कोण जाणे.

४ मार्च

मिळालं! ब्लॉगमुळे आलेलं पहिलं गिऱ्हाईक! शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून एक बाई रिक्षाने आल्या. म्हणाल्या, तुमचं सगळं वाचलं, तुमच्यासारखाच माणूस मला हवा होता. मी हिच्याकडे बघितलं. बघ म्हटलं, फायदा दुसरा. विश्वास!

बाईंच्या हातात कपडे नव्हते. त्यांचे यजमान ऑफिसला जाता-येता आपल्याकडे शर्ट टाकतात असा त्यांना संशय. त्या शर्टांवर काय काय सापडतं ते हवं होतं. फोटो दाखवला. माणूस ओळखीचा निघाला. मी 'निळ्या रेघांचा शर्ट?' एवढं म्हणतोय तोच हिने काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला. दिला म्हणजे रोवलाच. आणि बाईंना शांतपणे सांगितलं, आम्ही कपडे धुतो, ते कोणाचे ते लक्षात ठेवत नाही.

बाईंनी गयावया केली, मग आवाज चढवला. दुकानाबाहेर अर्धा चौक गोळा झाला. ही आपली एकच वाक्य बोलतेय. शेवटी त्या तणतणत रिक्षात बसल्या. या बाईच्या तोंडातून एक शब्द निघेल तर शपथ, असं सगळ्यांना ऐकवत गेल्या.

झालं. ब्लॉगने कमावलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक हिने घालवलं. अंगठा सुजलाय.

६ मार्च

आपल्याही दाराला पाटी लागली. हिच्या अक्षरात: 'आमचाही ब्लॉग बंद. मालक आत इस्त्रीला असतात. काउंटरवर मी.'

मेहुण्याला फोन करून हिने ब्लॉग परस्पर काढायला लावला. सख्खी बहीण पडली ना त्याची. मला विचारलं गेलं नाही. मी निषेध नोंदवला. आई म्हणाली, नोंदव, पण आतल्या खोलीत.

९ मार्च

मुख्याध्यापक आले. आधी दारातून वाकून मी कुठे आहे ते पाहिलं, मग पिशवी ठेवली. दुपारी जिमवाला. मी पाणी प्यायला बाहेर डोकावलो तर पिशवी उचलून जायलाच निघाला. हिने मला डोळ्यांनी आत ढकललं.

१५ मार्च

रॅक अर्धा भरला. काका अजून समोरच आहेत, म्हणून सगळी इस्त्री माझ्याकडे. कंबरेचे टाके ढिले झाले. तरी एक गोष्ट इथे ठणकावून लिहितो. हिची पाटी म्हणजे मुळात एक पोस्टच आहे. छोटी, नेमकी, रोज वाचली जाणारी. त्यात ब्लॉग हा शब्दही आहे. म्हणजे हे यश ब्लॉगचंच. उगाच कोणी शेफारून जाऊ नये.

२१ मार्च

रॅक गच्च. समोरचा पुन्हा दुकान मागायला आला होता, हिने त्याला चहा पाजून परत पाठवला. आतून ऐकत होतो. इस्त्री हातात तशीच राहिली, टॉवेलवर तपकिरी डाग पडला. टॉवेल आपल्याच घरचा, म्हणून बरं. वडिलांचं दुकान राहिलं.

डॉक्टरांचा कोटही आला. पण हल्ली माझ्याकडे आत येणारा प्रत्येक कपडा ही आधी तपासते. खिसे उलटे, रिकामे, डाग आधीच काढलेले. मला दिसतं ते नुसतं कापड. साधी गोटी नाही.

आज माझाच शर्ट इस्त्रीला आला. त्याचेही खिसे उलटे केलेले. वरच्या खिशातलं पेन गायब. विचारलं तर म्हणाली, काउंटरला लागतं. म्हणून ही नोंद कपड्यांवर खूण करायच्या खडूने लिहितोय. पहिल्या पाण्यात जातो तो.