लाल गाडीची सतराची चाकं

३ एप्रिल, गुरु. हैद्राबाद

पुन्हा तेच. चाकं एकोणीस इंचाचीच पाहिजेत म्हणे. चार दिवस झाले समजावून सांगायलोय, दाजी ऐकायला तयार न्हाईत. मग मला विचारलं कशाला? तेच म्हणले होते, "तू टायरच्या दुकानात हायस, चाकं तूच निवड." आता मी निवडलं की नको.

पाथरी-परभणी लाइनची जीप विकली. चालती जीप. रोज चौदा-पंधरा शिटा. ती विकून पुण्याच्या कुण्या माणसाची जुनी लाल स्पोर्ट गाडी आणली, दोन दाराची, जमिनीला टेकलेली. लग्नात नवरदेवाला भाड्यानं द्यायची. पाथरीत असली गाडी कुणाकडं न्हाई हे खरं. पण ताईचं घर आता त्या एका गाडीवर हाय. ताई काही बोलत न्हाई, नुस्तं म्हणती चाकं चांगली बघ रे बाबा.

५ एप्रिल, शनि.

आज फोनवर सगळा हिशोब सांगितला. जुना टायर २०५/५५/१६. दुकानातल्या उस्तादनं शिकवलं तसं: रुंदीच्या किती टक्के ती जाडी, जाडीची दुप्पट अधिक रिम, झाली चाकाची उंची. ६३२ मिमी. नवं चाक त्याच्या आसपास पाहिजे, न्हाई तर मीटर खोटा दाखवतो. नववीत गणितात नापास होऊन शाळा सुटली माझी, अन् आता हे तोंडी करतो. दाजीला त्याचं काही न्हाई.

एकोणीसची रिम घातली तरी उंची जमते. पण मग टायरची जाडी राहते अठ्ठ्याहत्तर मिमी. चार बोटं. आता हाय एकशे बारा. पाथरीच्या आजूबाजूचे रस्ते काय मला म्हाईत न्हाईत? एक खड्डा अन् टायरला फुगा.

दाजी म्हणले, "जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतेत. मग आपल्यालाच एकोणीस कामून नको?"

मी फोन ठेवला.

९ एप्रिल, बुध.

दुकानात एक काळी गाडी आली, एकोणीसची चाकं, पुढच्या टायरला लिंबाएवढा फुगा. फोटो काढून दाजीला पाठवला. उत्तर आलं की तुमच्या हैद्राबादच्या लोकांना गाडी चालवता येत न्हाई. चौदा शिटा घेऊन आमी भर पावसात माती तुडवली म्हणे. बरं.

दुपारी दाजीनं सोताच फोन केला. मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरवावा तसं सुरू. बरं, एकोणीस सोडतो, अठरा कर. मी म्हणलं सतरा. म्हणले, साडेसतरा न्हाई का येत. हसावं का रडावं. म्हणलं दाजी, टायर हाय, कापड न्हाई. शेवटी सतरावर आले. पण असे आले जणू माझ्यावर उपकार केला.

उस्ताद बाजूला चहा पीत होते. मराठी कळत न्हाई त्येंना, तरी हसले. इथं मला नावानं कुणी बोलवत न्हाई, "परभणी" म्हणतेत. म्हणले, परभणी, बहनोई से जीता क्या? म्हणलं, दोन इंचानं.

१२ एप्रिल, शनि.

साइज ठरली. २२५/४५/१७. उंची ६३४. दोन मिमीचा फरक, काहीच न्हाई. रिम साडेसात इंची, काळी, कडेला चांदीची रेघ.

ऑफसेटवर उस्तादशी वाजलं. चाक मडगाडच्या किती आत बसतं त्याचा तो आकडा. आकडा कमी घेतला की चाक बाहेर येतं. गाडीचा मूळचा ४५. उस्ताद म्हणले तेवढाच ठेव. मी ३५ घेतला. चाक मडगाडच्या बरोबरीला आलं की गाडी अशी रुंद बसलेली दिसती, आत घुसलेलं चाक म्हणजे मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखं. इथं रोज बघतो मी, कोणती गाडी उभी राहिली की लोक वळून बघतेत.

उस्ताद एवढंच म्हणले, "पीछे कित्ते लोगां बैठते?"

म्हणलं, नवरदेव-नवरी. दोन.

त्येंनी ३५ च्या रिमा काढून दिल्या.

१८ एप्रिल, शुक्र. पाथरी

काल ट्रॅव्हल्सनं आलो. चार चाकं डिक्कीत टाकायला क्लीनरनं माणसाचं तिकीट लावलं. परभणीला उतरलो, तिथून दाजीच्या मित्राच्या टेम्पोत.

आज दाजीच्या दारात बसवली. जॅक शेजारच्याचा आणला. चारी नट हातानं लावले, मग आडवेतिडवे कसले, एकामागं एक न्हाई. दाजीनं तेवढ्यात पाना घेऊन गोल फिरवायला सुरुवात केली, हातातून काढून घेतला. राग आला त्येंना. येऊ दे.

मागच्या चाकावर दोन बोटं जागा राहिली. बाजूनं बघितलं तर मडगाडच्या काठाला बरोबर. दोघं बसून मानवत रोडनं चक्कर मारून आलो, कुठं घासलं न्हाई. गल्लीतली सगळी जमली. एक म्हातारबा म्हणले, आता गाडीला पाय आले. ताईची सासू फोटोसाठी चाकाजवळ बसली, उठता येईना मग.

दाजी सगळ्यांना सांगायलेत, "मीच सतरा सांगितले. एकोणीस चालत न्हाईत ह्या रस्त्याला, फुगा येतो."

मी ऐकत उभा. ताईनं माझ्याकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला.

पण एक बघितलं. सगळे गेल्यावर दाजी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले अन् कितीतरी वेळ नुस्तं गाडीकडं बघत होते.

२१ एप्रिल, सोम. हैद्राबाद

परत कामावर. पिंगळीला आईकडं एक दिवस गेलो. ती म्हणे, दुसऱ्याच्या गाडीला चाकं लावतोस, तुला कधी लागायची. ह्या घरात कुणी सरळ बोलतच न्हाई.

२६ एप्रिल, शनि.

दाजीचा फोन न्हाई. ताई म्हणली तीन लग्नांसाठी गाडी ठरली. पहिलं तीसला, पाथरीतच, वरात तीन-चार कोसावरच्या गावाला जायची. दुसरं आठ मेला जिंतूरला. माझ्या चाकांचं नाव कुणी काढलं का विचारलं. म्हणली, तू लय लहान हायस अजून.

३० एप्रिल, बुध.

टायर फुटला.

दुपारी ताईचा फोन. मागं गलका चालू होता, आधी काही कळेना. मागचं डावं. गावाच्या अलीकडं गतिरोधक हाय, त्यावरून गाडी गेली, कर्रर्र आवाज आला, रबराचा वास सुटला. दाजीनं लक्ष दिलं न्हाई, वाजंत्री जोरात होती. दुसऱ्या गतिरोधकाला मडगाडच्या काठानं टायरचा खांदा कापला अन् फाट्यावर गाडी बसली. नवरदेव फेट्यासकट कुणाच्या तरी मोटरसायकलवर मांडवात गेला. लोकांनी व्हिडिओ काढले. एकानं मलाच पाठवला, खाली हसणारी तोंडं.

किती जण होते विचारलं. ताई म्हणली, मोज. दाजी. शेजारी नवरदेवाचा मामा. मागं नवरदेव, करवली, तिची दोन लेकरं, नवरदेवाचा मोठा भाऊ. अन् डिक्की उघडून तिच्यात पाय सोडून बसलेली दोन पोरं.

नऊ.

१ मे, गुरु.

दुकान बंद. दिवसभर खोलीत. दाजीला मीच फोन लावला अन् लागलीच भांडलो. म्हणलं चार जणाच्या गाडीत नऊ भरल्यावर कुठलं चाक टिकंल? माझं माप बरोबर होतं. तुमीच गाडी भरली.

ते ओरडले न्हाईत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नवरदेवाच्या मामाला उतर म्हणू का?" एवढंच म्हणले.

मामाला उतर म्हणलं तर लग्नच उतरतं. करवलीला म्हणलं तर ती जन्मभर काढती. हे काय मला म्हाईत न्हाई का.

मी पिंगळीचा. जीपच्या टपावर बसून परभणी केली हाय, आत बसलो ते बोटावर मोजण्याइतक्या वेळा. आमच्याकडं लग्नाच्या गाडीत किती जण चढतेत हे मला कुणी सांगायला पाहिजे? अन् मोजताना मी दोघं धरले. हैद्राबादच्या रुंद रस्त्यावर फिरणाऱ्या श्रीमंताच्या पोरासारखे दोघं. ऑफसेट पण त्याच हौसेनं घेतला. उस्तादनं विचारलं तर होतं.

हे दाजीला सांगितलं न्हाई. सांगावं लागंल.

२ मे, शुक्र.

दाजी फोन उचलत न्हाईत. ताईकडून कळलं: पाथरीचा डेंटर म्हणला मडगाडचा काठ हातोड्यानं आत वळवून देतो, तासाभराचं काम. मी म्हणलं ताई, ते करू देऊ नको. आमी इथं काठ वळवतो ते गरम करून, रोलर लावून, हळूहळू. हातोड्यानं लाल रंगाचे पोपडे निघतील. लाल गाडीला मागून गंजकी कड, कोण नवरदेव बसंल.

ताई म्हणली, "रंगाचं काय घेऊन बसलास. ते काल जुन्या जीपवाल्याकडं जाऊन आले. रोजावर डायवर ठेवतो का विचारायला."

ज्याला जीप विकली त्याच्याकडं. आपलीच जीप चालवायला, रोजानं.

जिंतूरचं लग्न साधलं न्हाई तर गाडी मिळंल त्या भावात विकून टाकणार म्हणतेत.

४ मे, रवि.

आज ताईला म्हणलं गाडी भर. जितके लग्नात बसतेत तितके बसव अन् मला व्हिडिओ लाव. दाजी ओट्यावर पाठ करून बसलेले. ताई गल्लीत जाऊन ओरडली, गाडीत बसायचं कुणाला. जत्रा झाली. सासू पुढं बसली, उतरायचं नावच काढंना, म्हणे चक्कर मारा. डायवरच्या जागी गल्लीतला एक पोरगा. मागं शेजारणी चार अन् एकीच्या मांडीवर लेकरू, त्यातली एक म्हणली नवरीसारखं कडेला बसू द्या मला. डिक्कीत दोन बाप्ये.

ताई ब्लाऊज शिवायची टेप घेऊन मागच्या उजव्या, न फुटलेल्या चाकाजवळ बसली. बिचारीला काही दिसंना, मडगाड टायरवर आलेलं. मी म्हणलं लग्नपत्रिका घे, चाकाच्या अन् काठाच्या मधी घालून बघ. पत्रिका जाईना. काठ टायरच्या खांद्यावर चढलेला, चार मिमीनं. गतिरोधकाची उडी धरली तर आठ.

मग सांगितलं, सगळ्यांसमोर, फोनवर. म्हणलं माझं चुकलं. मी रिकाम्या गाडीचं माप घेतलं अन् चाक दिसायला पाहिजे म्हणून बाहेर काढलं. दाजी, रिम तीच राहू द्या. मागचे दोन टायर बारीक घाला, २०५/५०. चाक दोन्ही अंगानं दहा-दहा मिमीनं आत जातं. आठ लागतेत, दहा मिळतेत.

दाजी उठले न्हाईत. पण वळले. पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले टायर फुटल्यापासून.

"अन् दहावा चढला तर?"

ताईनं फोन धरलेला. सासूनं खिडकीतून मान बाहेर काढली.

कागदावर उत्तर न्हाई त्याला. दोन मिमी उरतेत. दोन मिमीत एक माणूस बसतो का, कुठल्या उस्तादला म्हाईत.

५ मे, सोम.

उस्तादला साइज सांगितली. कपाळाला हात लावला. पुढं रुंद, मागं बारीक, म्हणजे उलटं. स्पोर्ट गाडीला मागचे टायर रुंद लागतेत, जोर तिथंच असतो. म्हणले, "ये गाडी तेज भगाए तो घूम जाती." म्हणलं उस्ताद, ही भागत न्हाई. हिच्यापुढं माणसं नाचतेत. मग म्हणले, तो ठीक है, पण दुकानाचं नाव नको सांगू कुणाला. आमच्याकडं त्या साइजचे दोन न्हाईतच. पाथरीच्या टायरवाल्याला फोन केला, नांदेडहून बुधवारपर्यंत मागवतो म्हणला, आधी पैसे लागतील. आठला जिंतूर, गुरुवार.

बुधवारी टायर उशिरा आला तर? आला अन् दहावा चढला तर? गाडीत बसताना कोणी माणसं मोजतं का. दाजीला आता हे सगळं म्हाईत हाय, मला बी. म्हणून ते हो म्हणत न्हाईत अन् नाही बी म्हणत न्हाईत.

आत्ता ताईचा फोन. दाजी सकाळीच गाडी स्टेपनीवर हळूहळू घेऊन बाहेर पडले. ती मागं मागं गेली. बाजाराच्या रस्त्याला थांबलेत, गाडीला टेकून, कधीचे. विचारलं कुणाच्या दुकानापुढं. म्हणली, टायरवाला अन् डेंटर तिथं एकमेकाला लागूनच हायत, कुणाच्या पुढं म्हणून सांगू. दाजी तिला म्हणले, पैसे आले की बघतो.

काय बघतो ते विचारलं न्हाई. दोन टायरचे पैसे ताईच्या नंबरवर टाकले. ११,२००.