तो मळ नव्हता

आई, आज लेकीला घेऊन बुलढाण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिच्याही ओठांभोवती फोड आलेत, हनुवटीवर काळे ठिपके. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, हा मळ नाही. त्वचेचं तेल आणि मेलेली त्वचा बारीक छिद्रांत अडकते, वरून हवा लागली की काळी पडते. पाळीच्या आगेमागे फोड वाढतात. घासू नका, पिळू नका. बस, एवढंच होतं, आई.

दहावीचं सबंध वर्ष तू मला न्हाणीत बसवून घासलंस. बेसन, लिंबू, नाहीतर नुसता खरखरीत टॉवेल. मग स्वयंपाकघराच्या दारात, उजेडाकडे माझं तोंड करून, केसांच्या पिनेनं एकेक ठिपका उकरायचीस. मी रडले की म्हणायचीस, "मळ हाय तो. तोंड धूत नाही काऊन वं बरोबर? माह्या पोटी अशी गलिच्छ कशी निपजली?" रक्त आलं की पदरानं टिपायचीस आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसायचीस.

डोणगावला मामाचं लग्न. नवा ड्रेस घालून मी पंगतीत बुंदी वाढते आहे. तू येतेस, हातातलं ताट काढून घेतेस. "तू आत बस. तुह्या तोंडाकडे पाहून लोकाईले जेवण जाईन काय?" हळू बोलली असतीस तरी चाललं असतं. सगळ्या मावश्यांनी ऐकलं. मी धान्याच्या खोलीत बसून राहिले. बाहेर कोणीतरी माझी चौकशी केली, तेव्हा तू म्हणालीस, "तिले बरं नाही." नंतर मी कुणाच्याच लग्नात पुढे झाले नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोंतही पदर हनुवटीपर्यंत ओढलेला आहे.

लोक म्हणतात, तेव्हाच्या बायकांना काय कळत होतं, सोडून दे. नसेल कळत. पण पोरीला दुखतंय, हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. लेक औषधं घ्यायला बाहेर गेली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना माझ्या हनुवटीवरचे खड्डे दाखवले. त्या म्हणाल्या, हे उकरून झालेत, आता पूर्ण जायचे नाहीत. कोणी केलं हो असं? राग अजून तेवढाच आहे, आई. पण परक्या बाईसमोर तुझं नाव तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "मीच."