इथपर्यंत मोठ्याने वाच

मुंबई, ९ जानेवारी १९९४

चि. पितांबर यास भाऊचा आशीर्वाद. हे आईला मोठ्याने वाचून दाखव.

मी बरा आहे. काळजाची एक शीर बारीक झाली आहे, आणि ती निघतेही भलत्याच बाजूने. आपल्या केळीचा पाट दुसऱ्याच्या बांधावरून येतो तशी. मांडीतून तार घालून आत फुगा फुगवला की ती मोकळी होते. कापाकापी नाही. आईचे गुडघे कसे आहेत? केळीचे घड निसवले का?

इथपर्यंत मोठ्याने वाच. पुढचं मनात.

काल तारेला शिरेचं तोंड सापडलंच नाही. गुरुवारी पुन्हा बघणार आहेत.

तुझ्या वहिनीचं वर काहीच विचारलं नाही. आईसमोर कसं विचारू? वाचून झालं की कागद तिच्याजवळ दे. तिला वाचता येत नाही, पण घडी माझ्या हातची आहे म्हणावं.

तुझा भाऊ,
झिपरू