दोनदा मावळणारा सूर्य

स्मृति नगर, भिलाई
५ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
वसुंधरेचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागद. जामुलच्या शाळेत चौथीच्या पेपरात विचारलं होतं, सूर्य दिवसातून किती वेळा मावळतो. सोनूने लिहिलं, दोनदा. मी लाल रेघ मारली. पोरगी हटून बसली, ‘मैं रोज देखथंव, मैडम.’ संध्याकाळी घरी येताना अंधारलेलं आभाळ पुन्हा लाल झालं, तेव्हा माझी ट्यूब पेटली. स्टील प्लांटमध्ये भट्टीतली धगधगती स्लॅग ओततात, त्याचा उजेड तो.

बत्तीस वर्षं तुम्ही भट्टीवर होतात. या, मुलांना सांगा. धडा हे निमित्त, हे तुम्ही ओळखलंच असेल. आई गेली आणि तुम्ही हर्षलदादाकडे वर्ध्याला निघून गेलात, त्याला दोन वर्षं झाली. मला करमत नाही बाबा.

तुमची,
वसुंधरा

वर्धा, १२ फेब्रुवारी

चि. वसुंधरेस अनेक आशीर्वाद.

रेघ मारायची घाई तुला पहिल्यापासूनच. पोरीने डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. आता आठ दिवस मुलांना दोन्ही वेळची लाली कोणत्या दिशेला दिसते ते टिपू दे, आणि निकालही त्यांनाच लावू दे. वरण शिजताना वर फेस येतो, तो घरी बघायला सांग. लोखंड वितळलं की तसाच मळ वर येतो, तीच स्लॅग.

मी येत नाही. गुडघ्यांचं कारण देणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला? ती लाली मी जन्मभर आतून पाहिली. रिटायर झालो की दोघं बाहेरून बघू, असं तुझ्या आईला, कमलिनीला म्हणालो होतो. रिटायर झालो आणि तीन महिन्यांत ती गेली. एकट्याला बघवणार नाही.

बाबांचे आशीर्वाद

भिलाई, २३ फेब्रुवारी

ती. बाबांस, शि. सा. न.

सूर्य मावळतीला, दुसरी लाली प्लांटकडे. मुलांनीच ठरवलं, सूर्य एकदाच मावळतो. तरी सोनूचा मार्क मी परत दिला. तिचा बाप ठेकेदाराकडून त्याच भट्टीवर जातो. आता लाली दिसली की ती हात हलवते.

तुमची सेकंड शिफ्ट असली की आईसुद्धा अंगणात उभी असायची. आम्हाला म्हणायची, ‘तुमचे बाबा तिकडं काम करून राह्यले.’ लाली विझेपर्यंत आत यायची नाही. हे तिने तुम्हाला कधी सांगितलं होतं का?

तुमची,
वसू

वर्धा, १ मार्च

चि. वसूस आशीर्वाद.

नाही सांगितलं.

नऊ तारखेला, शनिवारी येतो. शाळेत सोमवारी जाऊ. शनिवारी संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकू नकोस. तिला किती वेळ उभं राहावं लागायचं, ते मला एकदा उभं राहून बघायचं आहे.

तुझे,
बाबा