दाराचा अपूर्ण वर्तमानकाळ

प्रिय चिमणे (नणंद झालीस तरी आधी माझी बाकावरची शेजारीण, म्हणून 'वन्सं' म्हणणार नाही),

तुझे गुडघे कसे आहेत? माझे बोलतात, मी ऐकत नाही. तुला आठवतं, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आपल्याला इंग्रजीतले काळ कसे शिकवायच्या? 'आय ॲम ओपनिंग द विंडो' म्हणत खिडकी उघडायची, आणि त्या 'सिट' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. तू एकदा घंटा होईपर्यंत तीच खिडकी उघडत-मिटत होतीस.

तीच पद्धत मी तुझ्या दादांना लावली. रविवारी लेक नव्या सुनेला घेऊन पहिल्यांदा घरी येतोय. तिला फक्त इंग्रजी येतं, आणि ह्यांना (जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, बोलायची वेळ कधी आली?) तिला एवढंच सांगायचंय, 'वुई वेअर वेटिंग फॉर यू.' म्हटलं, आधी हातातलं काम घेऊ. ब्रश दिला, 'आय ॲम पेंटिंग द डोअर' हे वाक्य दिलं, आणि तेवढ्यात तुझा फोन आला. (तुझ्या विहीणबाई म्हणजे थोडक्यात आटोपणारा विषय नव्हे.) इकडे 'बसा' म्हणायला कुणी नाही. दार संपलं तरी हे थांबेनात. चौकट झाली, चपलांची फळी झाली, जिन्याचा कठडा झाला, मग समोरच्या वकिलांचं दार. वकील बाहेर आले.

"अहो, हे माझं दार आहे!"

"मध्ये बोलू नका, वाक्य चालू आहे," म्हणत ह्यांनी वकिलांच्या मनगटावरूनही एक हात मारला. हिरवा.

मी धावत आले आणि घाबरून म्हटलं, "आता भविष्यकाळ!" तर हे ब्रश उंच धरून स्तब्ध. भविष्यकाळात म्हणे नुसतं म्हणायचं, करायचं नाही. रंग कोपरापर्यंत ओघळला. वकील हसले, मग मीही हसले. तेच लागलं ह्यांना. "तुझ्या इंग्रजीत माणसाला बसायची सोयच नाही," म्हणाले आणि पिशवी उचलून तुझ्याकडे निघून आले. आता माझा फोनही घेत नाहीत. सकाळी सवयीने दोन कप चहा होतो. एक वकिलांना देते. त्यांना तो आवडत नाही.

तुझी,
वहिनी

ता.क. त्यांना म्हणावं, इंग्रजी राहू दे, रविवारी नुसते दारात उभे राहा.

ता.क. दुसरा. खरं सांगू? परवा सूनबाईंचा फोन आला. शाळा सुटल्यापासून मी इंग्रजी शिकवलंय, बोलले कुठे? दुसरं काही सुचेना, 'आय ॲम ओपनिंग द विंडो' म्हटलं आणि उठून खिडकी उघडली. तूही ये गं.

सोबतच्या पिशवीतला इस्त्रीचा सदरा आणि विसरलेला चष्मा ह्यांना दे. टर्पेंटाइनची बाटलीही त्यांनाच, कोपरासाठी. केक तुझ्या नवऱ्याला, तू नसताना पुरेल. तिकिटं दोन आहेत. खालचा बर्थ तुझा, वरचा ह्यांचा. चढता चढता काही म्हणू लागले, तर आधी वर पोचू दे, मग चुका काढ.